टंचाईतली घड्याळं: काय पाहावं, काय घ्यावं, कशाला हात लावू नये

१९४२ साली अमेरिकेत घरगुती गजराची घड्याळं बनणं थांबलं. त्या वर्षीच्या जानेवारीत स्थापन झालेल्या वॉर प्रॉडक्शन बोर्डानं कोणत्या कारखान्यानं काय बनवायचं हे ठरवायला घेतलं, आणि स्वयंपाकघरातलं किंवा उशाशी ठेवायचं घड्याळ त्यात बसेना. पहिलं कारण पितळ. घड्याळाच्या चाकांना आणि प्लेटांना लागणारं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि काडतुसाची पुंगळी त्याचीच बनते. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. तोफगोळा हवेत ठरल्या क्षणी फुटावा म्हणून त्याच्या टोकाला जो वेळेचा फ्यूज बसवत, तो आतून एक लहानसं घड्याळच असे. असलं काम करणारी यंत्रं आणि हात घड्याळांच्या कारखान्यांतच होते. म्हणजे युद्धानं नुसता धातू नेला नाही, धातूबरोबर कारागीरही नेले.

मग अडचण भलतीकडेच उभी राहिली. शस्त्रांचे कारखाने रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालू झाले, अंधारात उठून कामावर जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि घरातलं जुनं घड्याळ बंद पडलं तर बाजारात नवं मिळेना. कामावर उशिरा येणारे वाढू लागले. शेवटी १९४३ मध्ये सरकारनंच गजराची घड्याळं पुन्हा बनवायला परवानगी दिली. अट एवढीच की त्यांत महत्त्वाचा धातू कमीत कमी वापरायचा. इलिनॉय राज्यातल्या पेरू गावी कारखाना असलेल्या वेस्टक्लॉक्स कंपनीनं लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बॉडीचं घड्याळ काढलं आणि त्याचं नावच ‘वॉरअलार्म’ ठेवलं. कनेटिकटमधल्या विन्स्टेड गावच्या गिल्बर्ट कंपनीनं कागदाच्या लगद्याच्या बॉडीत गजराचं घड्याळ दिलं. संग्राहकांमध्ये ही दोन घड्याळं युद्धकाळाची ओळख मानली जातात, आणि या छंदाला सुरुवात करायची असेल तर ती याच दोघांपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती दुर्मीळ नाहीत, फार महागही नाहीत, आणि त्यांच्या अंगावर टंचाई उघड दिसते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जुन्या घड्याळांचा संग्रह करणारा सहसा उत्तम कारागिरी शोधतो: नक्षीचं लाकूड, जाड पितळ, गोड टोल. युद्धकाळातली घड्याळं त्या कसोटीवर नापास होतील. त्यांचं मोल आहे ते तडजोडीत. कुठला धातू काढून घेतला, त्याच्या जागी काय घातलं, आणि तरीही पहाटे पाचला गजर वाजावा म्हणून कोणत्या भागात तडजोड केली नाही, हे त्या घड्याळावर वाचता येतं. त्यामुळे तुम्ही विकत घेता ती टंचाईच. घेताना, साफ करताना, दुरुस्त करताना ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीचे निर्णय सोपे जातात.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला एक वस्तू बहुधा घरातच सापडेल. १९४३ पासून काही वर्षं भारतात मधोमध भोक असलेला पैसा निघाला, तो धातू वाचवण्यासाठीच. आजीच्या डब्यात तो भोकाचा पैसा अजून असतो. त्याच १९४३ मध्ये अमेरिकेनं एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडलं. ही दोन नाणी आणि एक वॉरअलार्म शेजारी ठेवा. घरी येणाऱ्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. संग्रह मांडताना अशी साथीची वस्तू ठेवावी.

आता क्षेत्र निवडायचं. ‘युद्धकाळातली घड्याळं’ एवढं मोठं क्षेत्र घेऊन बसू नका. एक देश, एक काळ धरा.

अमेरिकेतले मराठी वाचक अर्थातच तिथली घड्याळं धरतील. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल: युद्धापूर्वी तिथली स्वस्त गजराची घड्याळं मोठ्या प्रमाणावर जर्मनीतून येत. युद्ध सुरू होताच तो पुरवठा तुटला आणि सरकारला अमेरिकेतून घड्याळं आणावी लागली. म्हणून इंग्लंडच्या एखाद्या जुन्या घरात त्या काळातलं अमेरिकन घड्याळ सापडलं तर नवल वाटून घेऊ नये. ब्रिटनचा स्वतःचा गजराच्या घड्याळांचा मोठा उद्योग सरकारी पाठबळानं युद्धानंतर वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये उभा राहिला.

जर्मनीचं प्रकरण खोल आहे, आणि खरं तर ते पहिल्या महायुद्धापासून सुरू होतं. दोन्ही युद्धांत तिथे चर्चच्या घंटासुद्धा वितळवल्या गेल्या. घड्याळातलं पितळ कसं सुटणार? ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या श्रामबर्गची युंगहान्स ही प्रख्यात कंपनी फ्यूज बनवण्यात गुंतली, आणि जी घरगुती घड्याळं बनली त्यांत पितळी प्लेटांच्या जागी पोलादी प्लेटा येऊ लागल्या. जपानमध्ये धातूची जागा चिनीमातीनं घेतली. बटणं आणि हातबॉम्बसुद्धा चिनीमातीचे झाले, आणि सेइकोशाच्या टेबलावरच्या घड्याळांनाही चिनीमातीची बॉडी मिळाली. ही घड्याळं दिसायला देखणी असतात; म्हणूनच नवशिक्याची नजर त्यांच्यावर आधी जाते. पण निव्वळ शोभेचं चिनीमातीचं घड्याळ युरोपात आणि जपानमध्ये शांततेच्या काळातही भरपूर बनलं आहे, तेव्हा चिनीमाती म्हणजे युद्धकाळ असं समीकरण मांडू नका. बेकेलाइटलाही हेच लागू. बेकेलाइटच्या बॉडीची असंख्य घड्याळं तीसच्या दशकातली किंवा युद्धानंतरची आहेत.

महाराष्ट्रात बसून शोधणाऱ्यांना आणखी एक सावधगिरी लागेल. ‘हे लढाईच्या वेळचं घड्याळ आहे’ असं घरोघरी सांगतात. ते सांगणं खोटं नसतं, पण बहुतेक वेळा घड्याळ लढाईच्या आधीचं असतं आणि लढाईच्या काळात घरात चालू होतं. आपल्याकडे दिसणारी युंगहान्सची, अन्सोनियाची, सेइकोशाची भिंतीवरची घड्याळं जर्मनी, अमेरिका, जपान इथून येत. १९३९ मध्ये जर्मनीची वाट बंद झाली, १९४१ मध्ये जपानची. त्यामुळे टंचाईत बनलेलं जपानी घड्याळ मुंबईच्या बंदरात उतरलं असण्याचा संभव फार कमी. अशा घड्याळाची किंमत घराच्या आठवणीसाठी द्या, टंचाईतल्या बनावटीसाठी देऊ नका. आठवण मात्र नीट लिहून घ्या. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे केलेली होती, आणि मुंबईत तर ‘बॉम्बे टाइम’ही चालू होती. त्या वर्षांत घरातलं घड्याळ कोणत्या वेळेला लावत होते, हे सांगणारं माणूस अजून भेटलं तर घड्याळापेक्षा ती माहिती मोठी.

ओळख पटवण्याकडे वळू. पहिला आधार म्हणजे घड्याळावरची अक्षरं. ‘यूएस झोन’ किंवा ‘ब्रिटिश झोन’ असं लिहिलेलं जर्मन घड्याळ १९४५ नंतरचं, दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जर्मनीचं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर तेही युद्धानंतरचं. विक्रेते अशी घड्याळं सर्रास युद्धकाळातली म्हणून विकतात. मुद्दाम फसवतात असं नाही, ‘ऑक्युपाइड’ हा शब्द वाचून त्यांना तसं वाटतं. युद्धानंतरची दोन-चार वर्षंही टंचाईचीच होती, तेव्हा ही घड्याळं संग्रहाबाहेर ठेवा असं मी म्हणणार नाही; चिठ्ठीवर काळ बरोबर लिहा, एवढंच.

युंगहान्सच्या भिंतीवरच्या आणि टेबलावरच्या अनेक घड्याळांत मशीनच्या मागच्या प्लेटवर ‘ए’ किंवा ‘बी’ हे रोमन अक्षर आणि त्यापुढे दोन आकडे ठोकलेले असतात. ए म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग, बी म्हणजे दुसरा, आणि आकडे म्हणजे साल. ‘बी १७’ दिसलं तर १९१७ चा उत्तरार्ध, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या टंचाईचा ऐन काळ. असं मशीन आणि त्यात पोलादी प्लेटा एकत्र मिळाल्या तर सोडू नका. अमेरिकन घड्याळांत काही वेळा तबकडीच्या मागे किंवा मशीनवर महिना-वर्षाचा लहान शिक्का सापडतो. तो पाहण्यासाठी दुकानातच घड्याळ उघडायचा आग्रह धरू नये. का, ते पुढे सांगतो.

दुसरा आधार म्हणजे लोहचुंबक. छोटा, दोरीला बांधलेला लोहचुंबक खिशात असू द्या. पिवळ्या दिसणाऱ्या प्लेटेला तो चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर पितळी मुलामा. साध्या खरेदीदाराला हा दोष वाटेल. तुमच्यासाठी ती खूण आहे. चिकटला नाही तर पितळ असेल किंवा जस्ताचा मिश्रधातू. या दोहोंतला फरक रंगावरून कळतो: घासलेल्या कडेला पितळ पिवळं दिसतं, जस्त करडं. मात्र पोलादी प्लेट एकटी काही सिद्ध करत नाही, कारण स्वस्त घड्याळांत ती शांततेच्या काळातही वापरत. शिक्का, प्लेट, बॉडी आणि कंपनीच्या जुन्या जाहिराती यांतल्या किमान दोन गोष्टींनी एकच काळ सांगितला पाहिजे.

लगद्याची बॉडी हाताला लगेच कळते. वजन अपेक्षेपेक्षा कमी, टिचकीचा आवाज बसका. ती पाहताना कडा बघा. घड्याळाच्या पायाशी, चावी फिरवताना बोटं घासतात तिथे, आणि मागच्या झाकणाच्या भोवती लगदा आधी झिजतो आणि मग थर सुटायला लागतात. एका कोपऱ्याचा टवका उडालेला चालेल. पण बॉडी कुठे फुगली असेल, रंगाखाली उंचवटे आले असतील, तर तिला पाणी लागलेलं आहे आणि ती पुन्हा मूळ आकारात येणार नाही. असं घड्याळ फक्त सुट्या भागांसाठी घ्यावं.

जस्ताच्या ओतीव भागांची परीक्षा कडक करावी लागते. मिश्रधातूत शिसं किंवा तत्सम अशुद्धी राहिली तर दमट हवेत वर्षानुवर्षं तो आतून कुजत जातो: पृष्ठभागावर बारीक भेगा, मग फुगणं, शेवटी हातात तुकडे. एकदा सुरू झालेली ही कूज बरी करता येत नाही, कोरड्या हवेत ती मंदावते इतकंच. भिंगाखाली जाळीसारख्या भेगा दिसल्या तर किंमत कितीही कमी असो, मी घड्याळ परत ठेवतो.

आता ज्यासाठी घड्याळ उघडू नका म्हटलं ते. त्या काळातल्या अनेक घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असे, आणि त्यात रेडियम असे. इलिनॉयमधल्याच ओटावा गावी रेडियम डायल नावाची कंपनी वेस्टक्लॉक्ससाठी तबकड्या रंगवत होती. तिथे काम करणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचं टोक ओठांनी टोकदार करायला शिकवलं गेलं. रेडियम त्यांच्या पोटात गेलं, जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी मेल्या. हा इतिहास या छंदाचाच भाग आहे आणि प्रत्येक संग्राहकाला तो माहीत असायला हवा. तुमच्यासाठी व्यवहारातली गोष्ट अशी: आज तो रंग चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झालेला नाही. चमकणारं रसायन थकलं आहे. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं, ते जसंच्या तसं आहे. पिवळट-तपकिरी, जाडसर, किंचित खरखरीत रंग आकड्यांवर दिसला आणि आजूबाजूला तबकडी करपल्यासारखी काळवंडली असेल तर तो रेडियमचाच समजा.

काच शाबूत असलेलं असं एखादं घड्याळ दिवाणखान्यात ठेवल्यानं मोठा धोका नाही. धोका त्याच्या धुळीत आहे. म्हणून काच काढू नका, रंग खरवडू नका, सुटलेली भुकटी फुंकू नका, काटे ‘नवे’ करून घेऊ नका. शक्यतो झोपायच्या खोलीत ठेवू नका. अशी अनेक घड्याळं एका बंद कपाटात कोंडू नका, कारण रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. खोलीत हवा खेळती हवी. मुलांच्या हाती तर मुळीच नको. दुरुस्तीला देताना कारागिराला आधी सांगा. गल्लीतल्या ज्या माणसानं आयुष्यभर घड्याळं उघडली त्यालाही हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो सवयीनं तबकडीवर फुंकर मारतो. सुरुवात करणाऱ्यानं साध्या, न चमकणाऱ्या तबकडीचीच घड्याळं घ्यावीत. त्यांत गोळा करण्यासारखं पुष्कळ आहे.

घरी आणल्यावर पहिला मोह सफाईचा होतो. लगद्याच्या बॉडीला पाणी, साबण, ओलं फडकं, काचेवर मारायचा फवारा यांतलं काहीही लावू नये. मऊ, कोरडा ब्रश पुरे. पोलादी प्लेटांना पितळ चमकवायचं पॉलिश लावलं तर वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि गंज मोकळा होतो. बॉडीला नवा रंग देणं, पोलादी भागाच्या जागी पितळी भाग बसवणं, जाड सुंदर काच घालणं: हे सगळं प्रेमानं केलं जातं आणि त्यातून घड्याळाची साक्ष पुसली जाते. एखादा भाग बदलावाच लागला तर मूळ भाग फेकू नका. लहान पिशवीत घालून, काय बदललं त्याची चिठ्ठी लिहून घड्याळाबरोबर ठेवा.

चालू करायचं की नाही? माझ्या मते निदान एकदा तरी त्याचा गजर ऐकावा. पण बंद घड्याळाला हलवून, थापटून, चावी जोरात पिळून चालू करू नका. ही मशीनं एका दिवसाची, साध्या बांधणीची आहेत. बहुतेक वेळा आत जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं, स्प्रिंग तुटलेली नसते. यांत्रिक घड्याळ उघडणारा जाणता कारागीर मिळाला तर मशीन सुटं करून धुऊन, घड्याळाचं तेल थेंबभर लावून काम होतं. शिवणयंत्राचं तेल किंवा फवाऱ्याचा डबा वापरणाऱ्याकडे देऊ नका. आणि लगद्याची बॉडी त्याच्या दुकानात ठेवूच नका, फक्त मशीन द्या. रोज चावी देऊन ते वापरात ठेवणं मात्र टाळावं, पोलादी भागांची झीज भरून काढायला सुटे भाग मिळत नाहीत.

खरेदी कुठे करावी? अमेरिकेत घर आवरताना होणारी विक्री, जुन्या वस्तूंचे बाजार आणि संग्राहकांच्या संघटनेचे मेळावे. नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स ही संघटना स्थापन झाली तीही १९४३ सालीच. पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावी तिचं संग्रहालय आहे. कनेटिकटमध्ये ब्रिस्टल गावी घड्याळांचं वेगळं संग्रहालय आहे. जर्मनीत असाल तर फुर्टवांगेनचं संग्रहालय पाहिल्याशिवाय ब्लॅक फॉरेस्टचं घड्याळ विकत घेऊ नका. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार आणि पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार इथे जर्मन मशीनं सापडतात, पण अनेकदा एकाचं मशीन, दुसऱ्याची तबकडी आणि स्थानिक सुताराची पेटी अशी जोडणी असते. तबकडीच्या मागे स्क्रूची जादा भोकं दिसली तर ती जोडणीच. वायुदलाचा मुकुट असलेली, ‘आरएएफ’ छापलेली मोठी गोल घड्याळं तर बहुतांशी नवी तबकडी छापून केलेली असतात. ती घरगुतीही नव्हेत, तेव्हा सोडूनच द्या.

आपली हवा हा कागदाच्या बॉडीचा मोठा शत्रू. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्याचे चार महिने लगदा पाणी ओढतो, बुरशी धरतो, आणि कसर त्यावर तुटून पडते. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात घड्याळ ठेवू नका. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या वेळोवेळी बदला; डांबराच्या गोळ्या रंगाला चिकटू देऊ नका. उन्हात वाळवायला ठेवणं तर घातकच, एका दुपारीत थर उकलतात. देशावर कोरड्या हवेत त्रास कमी, पण वाळवीवर नजर हवी.

घड्याळ परदेशातून आणताना किंवा नेताना चावी पूर्ण उतरू द्या, म्हणजे धक्क्यानं स्प्रिंग तुटायची नाही. आणि काच-तबकडीवर दाब येणार नाही असं भरा. रेडियमच्या तबकडीचं असेल तर टपाल आणि विमान कंपनीचे नियम आधी विचारा. भारतातून बाहेर नेताना १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्यात येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातलं घड्याळ अजून त्या वयाचं झालेलं नाही, पण पहिल्या महायुद्धातली झाली आहेत. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा, आणि तिकीट काढण्यापूर्वी घ्यावा, कारण तपासणीला वेळ लागतो.

नोंदीची वही घड्याळाइतकीच जपा. प्रत्येक घड्याळाला क्रमांक द्या, पण क्रमांकाचा कागद बॉडीला डिंकानं चिकटवू नका. दोऱ्यानं चावीला बांधा. वहीत कंपनी, शिक्का, कुठला भाग कशाचा, चुंबकाचा निकाल, काय बदललं, कुणाकडून घेतलं आणि त्या माणसानं काय सांगितलं, हे सारं लिहा. सांगितलेलं आणि तपासून पाहिलेलं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.